पडताळणी

सकाळी आठ वाजता शेजारच्या आपा दारात उभ्या. "ताई, दुपारी जरा आमच्याकडे येऊन बसाल? नातवाच्या पासपोर्टसाठी पोलीस येणार आहे." मी हो म्हटलं तरी त्या हलेनात. "सून ड्युटीवर आहे. पोरगा लहान आहे. तुम्ही असलात की..." पुढचं त्यांनी ओठांतच ठेवलं. पोरगा लहान म्हणजे अठरा वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, बोटीवर जायचं म्हणून तयारीला लागलेला. आमच्या नेरूळच्या बिल्डिंगीत पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस येणं ही काही नवलाई नाही. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची मुलगी जर्मनीला. वर्षातून दोन-चार वेळा तरी कुठल्या ना कुठल्या मजल्यावर पोलीस येऊन चहा पिऊन जातो. त्यासाठी सोबतीला कुणाला बोलावलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

दुपारी गेले तर टेबलावर कागद मांडून ठेवलेले. आधार, शाळेचा दाखला, विजेचं बिल, सोसायटीचं पत्र. प्रत्येकाची मूळ प्रत खाली, वर दोन-दोन झेरॉक्स, कोपऱ्याला पिना. ज्यांची काही गरज नव्हती असेही कागद होते. डोंगरीच्या पत्त्यावरचं जुनं रेशनकार्ड, सिडकोचं वाटपपत्र, चाळीच्या भाड्याची पिवळी पडलेली पावती. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला जे जे लागू शकेल ते सगळं. टीव्ही बंद, दारातल्या चपला आवरलेल्या, नातवाच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आलेला पोलीस पंचविशीचा मुलगा निघाला. साधा चौकड्यांचा शर्ट, हातात टॅब, फक्त पायातले तपकिरी बूट तेवढे खात्याचे. आपांची नजर त्या बुटांवर गेली ती तिथेच राहिली. बिचारा फार चांगला वागला. काकी म्हणाला, पाणी मागून घेतलं, नातवाला बोटीवरच्या पगाराचं विचारलं. काम झालं तसा उठला आणि बूट चढवता चढवता त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात कुणावर केस वगैरे काही नाही ना?"

"नाही साहेब," आपा म्हणाल्या. मग पुन्हा "नाही." तिसऱ्यांदा "नाही" म्हणाल्या तेव्हा तो खालच्या मजल्यावर पोचलाही होता.

आपांचं आणि माझं घर भिंतीला भिंत. सिडकोच्या सोडतीत कोण कुणाच्या शेजारी येईल ते नशिबावर, तशा आम्ही एकमेकींच्या वाट्याला आलो. त्या दापोलीकडच्या, मी उरण तालुक्यातली आगऱ्यांची. जवळा कांद्यात करायचा की वांग्यात, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. एवढ्या वर्षांत मला इतकंच ठाऊक होतं की त्यांचे यजमान दंगलीत गेले. 'दंगलीत गेले' म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि पुढे विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या स्वतःहून बोलल्या. जानेवारी १९९३. मुंबईतली दंगल, संचारबंदी. धाकटा दीर खाली गेला तो वर येईना, म्हणून यजमान त्याला बघायला जिना उतरले. पोलिसांची गोळी मानेखाली लागली. दीर तोवर मागच्या जिन्याने वर येऊन मोरीत पाय धूत होता. हे सांगताना आपांचा आवाज सपाट होता, पुष्कळदा मनात म्हणून झालेल्या गोष्टीचा असतो तसा. आवाज फुटला तो पुढे. मयत ताब्यात मिळेना. मिळाली तर रात्रीतच दफन करा म्हणाले, चार माणसांपेक्षा जास्त नको म्हणाले. चाळिसावा व्हायच्या आत एक हवालदार सही घ्यायला आला, तेव्हा कळलं की दंगल आणि दगडफेकीच्या गुन्ह्यात यजमानांचं नाव आरोपींमध्ये घातलेलं आहे. जमाव होता म्हणून गोळीबार केला. आणि ज्याला गोळी लागली तो जमावातलाच असणार, नाहीतर लागली कशी? असा तो हिशेब. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, आणि खटला चालला नाही म्हणून तो निर्दोषही सुटत नाही. ते नाव तिथेच राहिलं.

"ताई, तो पोरगा विचारत होता, घरात कुणावर केस आहे का. मी त्याला खोटं सांगितलं का?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नेमकं सुचत नाही. मुंबईच्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधले ९०० मृत्यू नोंदवले, त्यातले ३५६ पोलिसांच्या गोळीबारातले. म्हणजे सुऱ्यांनी जेवढी माणसं मेली त्याहून थोडी जास्तच सरकारी गोळ्यांनी मेली. हा आकडा मी पूर्वीही वाचला असेन, वाचून पान उलटलं असेन. आता त्यातल्या एका आकड्याशी माझी भिंत लागून आहे. आयोगाचं काम चालू असताना जानेवारी १९९६ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने तो गुंडाळला, चार महिन्यांनी पुन्हा नेमला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. अहवालात पोलिसांवर नावानिशी ठपके होते. सुलेमान बेकरीत आठ माणसं मारली गेली, त्या प्रकरणी जे वरिष्ठ अधिकारी आरोपी झाले त्यांना २००३ साली सत्र न्यायालयाने खटला सुरू होण्याआधीच आरोपमुक्त केलं. वडाळ्याच्या हरी मशिदीत गोळी खाऊन जे वाचले, त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा होता आणि त्यातून सुटायला त्यांना सोळा वर्षं लागली. वाचलेल्याला निदान सुटता तरी आलं.

पैसे मिळाले. दोन लाख. आपांनी त्यातला रुपया बरीच वर्षं काढला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, हे खाल्लं तर पोराच्या रक्ताचं खाल्लं. शेवटी मुलाच्या फीसाठी पहिल्यांदा पैसे काढले त्या दिवशी त्या स्वतः जेवल्या नाहीत. ज्या सरकारच्या माणसाने गोळी घातली, त्याच सरकारच्या खिडकीत उभं राहून भरपाईचा अर्ज द्यायचा, त्यावर 'आपली विश्वासू' लिहायचं आणि खाली सही करायची. ज्याच्या घरात खून होतो, त्याला निदान एक दार असतं जाऊन ठोठावायला. पोलीस ठाणं म्हणा, कोर्ट म्हणा. इथे ते दारच गुन्हेगाराचं. आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच दाराशी काढायचं असतं. रेशनकार्डाला, मुलाच्या दाखल्याला, घराच्या सोडतीला, आता नातवाच्या पासपोर्टला. हा गुन्हेगार एकदा आयुष्यातून निघून गेला असं कधी होतच नाही.

त्यांच्या घराच्या काही रीती मला इतके दिवस नुसत्या स्वभावाच्या वाटायच्या. भारत जिंकला की आमच्या सेक्टरच्या चौकात पोरं जमतात. आपांची मुलं कधी गेली नाहीत. आता नातूही जात नाही. गणपतीची मिरवणूक खिडकीतून बघायची, तीही पडदा अर्धा ओढून. दिवाळीत पहिली लड लागली की आपा उठून आतल्या खोलीत जातात आणि आवाज थांबल्यावर बाहेर येऊन विचारतात, "संपलं?" नातवाला मी परवा विचारलं, तुला आजीने काय काय शिकवलं आहे? त्याने घडाघडा सांगितलं, पाढे म्हणावेत तसं. ओळखपत्र नेहमी वरच्या खिशात. पोलीस दिसला तर पळायचं नाही. चालायचा वेगही बदलायचा नाही. हात खिशात घालायचे नाहीत, खिशातले असतील तर हळू बाहेर काढायचे. विचारलं तेवढंच उत्तर. त्याचा जन्म त्या जानेवारीनंतर पंधरा वर्षांनी झालाय. आजोबांचा एकच फोटो घरात आहे आणि तोही कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. बाहेर लावला तर कुणीतरी विचारणार, कसे गेले.

फोटो कपाटाच्या आत, हे ऐकलं तेव्हा मला माझं माहेर आठवलं. तिकडे असे फोटो चौकात असतात.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. आमच्याकडच्या कुणालाही या तारखा सांगाव्या लागत नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. पहिल्या दिवशी जासईजवळ दास्तान फाट्यावर, दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसं गेली. चिर्ल्याचा एक, धुतूमचा एक, पागोट्याचे तीन. मला गोळ्यांपेक्षा जास्त आठवतो तो संध्याकाळचा गाव. पुरुष परत आले नव्हते, कुणाच्याच घरी दिवा लावायची घाई नव्हती. चुलतमामा रात्री मिठागराच्या बांधावरून लपतछपत आला, गुडघा लाठीने फुटलेला, चिखल आणि रक्त एकत्र वाळलेलं. आजीने हळद दाबली आणि त्याला माळ्यावर, पेंढ्यामागे झोपवलं, कारण धरपकड चालू होती. दुसऱ्या दिवशी बायका पागोट्याला निघाल्या तेव्हा माझी आई उंबऱ्यावरच बसून राहिली. "त्यांचे घरान जाऊन आपुन रडाचा का घोषणा देवाच्या?" असं ती आजीला विचारत होती. आजीने तिला हाताला धरून उठवलं. पण तो प्रश्न आईचा खरा होता. तिथे रडणं आणि घोषणा एकाच वेळी चालू होत्या, आणि ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांना नुसतं रडायला कोपराही मिळाला नसणार.

पुढे त्या आंदोलनातूनच साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. ज्याची जमीन गेली त्याला विकसित जमिनीतला वाटा. पंच्याण्णव गावांतल्या हजारो घरांनी त्यावर मजले चढवले. माझ्या भावांची बिल्डिंग त्याच जमिनीवर आहे, भाचीचं शिक्षण त्या भाड्यातून झालं. दरवर्षी जानेवारीत जासईला कार्यक्रम होतो, सगळ्या पक्षांचे लोक येतात, हार घालतात, भाषणं होतात. मी जमेल तेव्हा जाते. मनापासून जाते. तरी भाषणात "त्यांच्या बलिदानामुळेच आज आपण..." हे आलं की पोटात काहीतरी गोळा होतं. कारण ते खरं आहे. आणि खरं असल्यामुळेच, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने वर्षानुवर्षं ते ऐकत समोरच्या रांगेत बसायचं असतं. आमच्या सगळ्यांच्या घराच्या किमतीत त्यांच्या माणसाचा जीव धरलेला आहे, हे त्यांना दर वर्षी माइकवरून सांगितलं जातं. नवऱ्याचा राग, बापाचं चिडणं, त्याने कुणाचे पैसे बुडवले असतील, रात्री घोरत असेल, हे सगळं आठवायची मुभा साध्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांना असते. हुतात्म्याच्या घरच्यांना ती कुठून असणार? निदान मला तरी त्या समोरच्या रांगेकडे बघताना असं वाटत राहतं.

आणि त्याहून पुढे चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, अक्कादेवीचा डोंगर, तिथेही पोलिसांचाच गोळीबार. पण तिथे स्मृतिदिनाला आजचे पोलीस बंदुकीच्या फैरी हवेत झाडून मानवंदना देतात. लहानपणी मला त्या फैरींचं फार कौतुक होतं, कानात बोटं घालून आम्ही पुढे पळायचो. आता वाटतं, इंग्रजांनी घातलेली गोळी चुकीची होती हे मानायला कुणाला काही मोजावं लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ जणांचंही तसंच. ज्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या ते मुंबई राज्यच उरलं नाही, म्हणून नव्या राज्याला फ्लोरा फाउंटनला डोकं टेकवता आलं. १९८४ चा मान लोकांनी दिला, आपल्या बळावर, आपल्या वर्गणीतून. आणि १९९३ च्या त्या ३५६ जणांना ना सरकारने दिला ना शेजाऱ्यांनी. त्यात दगड मारणारे असतील, हत्यारं घेऊन उतरलेले असतील, जिन्यावरून खाली बघायला गेलेलेही होते. कोण कोण होतं हे वेगळं करून बघायची तसदी कुणी घेतली? सगळ्यांचा एकच गठ्ठा बांधला आणि वर दंगल लिहिलं.

माझा भाचा पोलिसात आहे. आगऱ्यांची पुष्कळ पोरं आहेत. एकदा जानेवारीत त्याची जासईच्याच कार्यक्रमाला बंदोबस्ताची ड्युटी लागली होती. ज्या मामाला पेंढ्यामागे लपवलं होतं, तो मामा तेव्हा मांडवात आणि हा गणवेशात मांडवाच्या दोरीपाशी. मामाने त्याला हाक मारून पाण्याची बाटली दिली. मला ते बघून बरंही वाटलं आणि कसंसंही झालं. आपांची गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, आम्हाला जमाव कसा पांगवायचा ते शिकवतात. आधी सूचना द्यायची, मग अश्रुधूर, लाठी, गोळी शेवटी, आणि ती कमरेखाली. पण गोळी लागून माणूस मेला तर त्याच्या घरी कुणी जायचं, काय बोलायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही." त्याच्यावर मी काय राग धरणार? आपांकडे आलेल्या त्या चौकड्याच्या शर्टवाल्या मुलावर तरी काय? त्या जानेवारीत तो जन्मलेलाही नव्हता. माझा राग आहे तो त्या न लिहिलेल्या पानावर. एवढं मोठं खातं, एवढे आदेश, एवढी परिपत्रकं, आणि इतक्या वर्षांत एकाही माणसाला त्या जिन्याने वर पाठवून "तुमचा माणूस दंगेखोर नव्हता, आमची चूक झाली" एवढं म्हणायला लावता येऊ नये?

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने याच दंगलीबद्दल निकाल दिला. नागरिकांचं रक्षण करण्यात राज्य सरकार कमी पडलं असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी १०८ जणांच्या घरच्यांना तोवर भरपाईच पोचली नव्हती. त्यांना शोधून दोन लाख व्याजासकट द्या, असा आदेश झाला. तीस वर्षांनी शोधा म्हणजे कुठे शोधणार, कुणी मुंब्र्याला गेलं, कुणी मीरा रोडला, कुणी गावी, कुणी कबरीत. मी तो निकाल आपांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला. "यात कुठे लिहिलंय का, की ते दगड मारत नव्हते?" नव्हतं लिहिलेलं. निकाल त्याबद्दल नव्हताच.

म्हणून आम्ही दोघींनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका पानाचा मजकूर. अमुक महिन्यातल्या अमुक गुन्ह्याचं पुढे काय झालं, त्यातल्या मयत आरोपीचं नाव कमी केलं का, केलं असल्यास आदेशाची प्रत. उत्तर आलं दीड ओळीचं. अभिलेख जुना असल्याने नष्ट करण्यात आला आहे. मला वाटलं आपा खचतील. त्या उलट उसळल्या. "नष्ट केला तर मग नाव पण गेलं का? तेही लिहून द्या म्हणावं." एवढ्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

पहिल्या अपिलाला तीस दिवसांची मुदत असते आणि वीस रुपयांचा स्टॅम्प. मजकूर लिहायला बसलो तेव्हा आपांनी एक वाक्य घालायला सांगितलं: 'माझे पती त्यांच्या धाकट्या भावाला बघण्यासाठी जिना उतरले होते.' मी म्हटलं, आपा, अपिलात याची गरज नाही, फक्त माहिती का नाकारली तेवढ्यापुरतं असतं हे. त्या ऐकेनात. मग आम्ही ते वाक्य दुसऱ्या परिच्छेदात घातलं, वेगळी ओळ करून. खाली त्यांनी यजमानांच्या नावासकट पूर्ण नाव लिहून सही केली. स्पीड पोस्टाची पावती त्यांनी माझ्याकडे न देता स्वतःच्या पाकिटात ठेवली. सुनावणीची तारीख यायची आहे. मी बरोबर जाणार हे ठरलंय. नातूही येतो म्हणतो आहे, त्याला ऐकायचं आहे ते काय सांगतात ते, आणि आपा त्याला नको म्हणतायत. त्यावरून त्या घरात सध्या रोज वाद चालू आहे.